आधी ग्लुकोज का? : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मागील अंकातील एका टिपणात आम्ही असे लिहिले होते की, ग्लुकोज आणि लॅक्टोज या दोन शर्करा एकत्र दिल्या, तर ई. कोलाय हा जीवाणू आधी ग्लुकोज संपवतो, मध्ये काही काळ त्याची वाढ थांबते आणि मग तो लॅक्टोजकडे वळतो. आणि ही निवड गणिती समीकरणांनी मांडता येते. त्या टिपणावर सोलापूर शहरातून आणि जिल्ह्यातील तालुक्यांतून पत्रे आली. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र करून त्यांतील निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : मी सूक्ष्मजीवशास्त्राची द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी आहे. ग्लुकोज असताना पेशीतील सायक्लिक एएमपी कमी होते आणि म्हणून लॅक ओपेरॉन बंद राहते, असे आम्ही परीक्षेत लिहितो. तेवढे उत्तर पुरेसे नाही का? आणि जीवाणूला मेंदूच नाही, तर ही 'निवड' करतो कोण? (जुळे सोलापूर)

उत्तर : तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करणे सोयीचे होईल, कारण हा विषय सुरूही त्याच कुतूहलातून झाला. १९४१ च्या सुमारास, जर्मन फौजांच्या ताब्यातील पॅरिसमध्ये, जॅक मोनॉड आपल्या प्रबंधासाठी जीवाणूंच्या वाढीचे आलेख काढत होते. एकच शर्करा दिली की आलेख एका दमात चढे. काही ठरावीक जोड्या दिल्या की तो चढे, सपाट होई आणि पुन्हा चढे. त्यांनी ग्लुकोज आणि सॉर्बिटॉल यांच्या मिश्रणांवर केलेला प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. त्यांनी या दोहोंचे प्रमाण मिश्रणागणिक बदलत नेले, आणि दोन टप्प्यांत झालेली वाढ नेमकी त्या त्या पदार्थाच्या प्रमाणात आढळली. म्हणजे पहिला टप्पा संपूर्णपणे ग्लुकोजवरचा होता आणि दुसरा संपूर्णपणे सॉर्बिटॉलवरचा. पेशीच्या आत डोकावण्याचे कोणतेही साधन नसताना, केवळ वाढ मोजून, आत काय चालले आहे याविषयी इतके ठाम विधान त्यांना करता आले. फ्रान्स्वा जाकोब यांच्यासह मोनॉड यांनी लॅक ओपेरॉनची, म्हणजे लॅक्टोज वापरण्यासाठी लागणाऱ्या आणि एकत्रच चालू-बंद होणाऱ्या जनुकांच्या गटाची, कल्पना मांडली ती १९६१ मध्ये. १९६५ मध्ये त्या दोघांना आणि आंद्रे ल्वॉफ यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आता सायक्लिक एएमपीविषयी, म्हणजे पेशीच्या आत निरोप पोहोचवणाऱ्या छोट्या रेणूविषयी. हे स्पष्टीकरण चुकीचे नाही, पण अपुरे आहे. १९९६ मध्ये जपानी संशोधकांनी ग्लुकोज-लॅक्टोज मिश्रणात वाढणाऱ्या पेशींतील सायक्लिक एएमपी प्रत्यक्ष मोजले, तेव्हा ग्लुकोजच्या टप्प्यातील आणि लॅक्टोजच्या टप्प्यातील पातळ्यांत फारसा फरक आढळला नाही. मग लॅक्टोजला अडवते कोण? ग्लुकोज ज्या वाहतूक यंत्रणेतून पेशीत शिरते, त्या यंत्रणेतील एका प्रथिनावरील फॉस्फेट ग्लुकोज आत आणताना निघून जातो, आणि फॉस्फेट नसलेले हे प्रथिन लॅक्टोज आत आणणाऱ्या परमिएजला जखडून ठेवते. लॅक्टोज आत आलेच नाही, तर त्यापासून बनणारा प्रेरक रेणू तयार होत नाही, आणि प्रेरक नसेल तर जनुकांना बंद ठेवणारे दमनकारी प्रथिन त्यांच्यावरून हलत नाही. परीक्षेत सायक्लिक एएमपीबरोबर हा प्रवेशबंदीचा भागही अवश्य लिहा.

निवड करणारा असा कोणी आत बसलेला नाही. दरवाजे, विकरे म्हणजेच एन्झाइम, आणि त्यांच्या निर्मितीचे वेग यांच्या परस्पर परिणामातून जे घडते, त्याला आपण सोयीसाठी निवड म्हणतो. या परस्पर परिणामाचा हिशेब तोंडी करता येत नाही. एक गोष्ट वाढली की दुसरी किती घटेल आणि त्या घटीचा पहिलीवर उलट परिणाम काय होईल, हे शब्दांत सांगू लागलो की दोन पायऱ्यांनंतर आपला अंदाज चुकू लागतो. समीकरणांची गरज तिथे लागते.

प्रश्न : मी निवृत्त गणित शिक्षक आहे. ही समीकरणे बारावीच्या विद्यार्थ्याला समजतील इतकी सोपी आहेत का? असल्यास एखादे उदाहरण आकड्यांसह सोडवून दाखवावे. (बार्शी)

उत्तर : सर, आपल्या पत्राने आनंद झाला, कारण या विषयाचा गाभा बारावीच्या गणितात खरोखरच मावतो. तीन विधाने पुरतात.

पहिले विधान मोनॉड यांचेच आहे. पेशींचा वाढीचा दर हा कमाल दर गुणिले शर्करेची संहती, भागिले एक स्थिरांक अधिक तीच संहती, इतका असतो. शर्करा मुबलक असेल तर दर कमाल मर्यादेला टेकतो. शर्करा त्या स्थिरांकाएवढी उरली की दर निम्म्यावर येतो. ई. कोलाय आणि ग्लुकोज यांच्या बाबतीत हा स्थिरांक लिटरमागे काही मिलिग्रॅम किंवा त्याहूनही कमी असतो, म्हणून ग्लुकोज जवळजवळ संपेपर्यंत वाढ पूर्ण वेगाने चालू राहते आणि मग एकाएकी थांबते. दुसरे विधान उताऱ्याचे : जितकी शर्करा खर्च होते, तिच्या ठरावीक अंशाइतके पेशींचे वजन वाढते. तिसरे विधान विकराचे आहे, आणि माझ्या मते सारी मेख त्यातच आहे. पेशीतील विकराच्या पातळीत होणारा बदल म्हणजे नवी निर्मिती वजा वाढीचा दर गुणिले सध्याची पातळी.

या शेवटच्या पदाकडे विद्यार्थ्यांचे लक्ष मुद्दाम वेधावे. लॅक्टोज फोडणारे बीटा-गॅलॅक्टोसायडेज हे विकर टिकाऊ आहे. त्याची मोडतोड होते म्हणून ते कमी होत नाही. पेशी दुभंगते आणि आधीचा साठा दोन पेशींत वाटला जातो, म्हणून प्रत्येकीच्या वाट्याला निम्मा येतो. निर्मिती बंद असताना वाढत राहणे, एवढेच ते विरळ होण्यास पुरेसे असते.

आता आकडे घेऊ. ते उदाहरणासाठी सोयीचे निवडले आहेत, पण वास्तवापासून फार दूर नाहीत. ग्लुकोजवर वाढीचा कमाल दर तासाला ०.९ धरू, म्हणजे दुप्पट होण्यास २ चा नैसर्गिक लॉग भागिले ०.९, सुमारे ४६ मिनिटे लागतील. लॅक्टोजवर हा दर ०.६ धरू, तेथे दुप्पट होण्यास सुमारे ६९ मिनिटे लागतील. सुरुवातीस लिटरमागे ०.०१ ग्रॅम पेशी आणि ०.५ ग्रॅम ग्लुकोज आहे, आणि उतारा ०.५ आहे. म्हणजे सारे ग्लुकोज संपेल तेव्हा पेशींत ०.२५ ग्रॅमची भर पडून त्या ०.२६ ग्रॅम होतील, मुळाच्या २६ पट. याला किती वेळ लागेल? २६ चा नैसर्गिक लॉग ३.२६, भागिले ०.९, सुमारे ३ तास ३७ मिनिटे.

समजा, हे बियाणे, म्हणजे सुरुवातीला घातलेल्या पेशी, आदल्या रात्री लॅक्टोजवर वाढवलेले होते, म्हणून सुरुवातीला प्रत्येक पेशीत लॅक्टोजचे विकर पूर्ण पातळीवर होते, आणि ग्लुकोज असेपर्यंत नवी निर्मिती पूर्ण बंद राहिली. तर ग्लुकोज संपण्याच्या क्षणी त्या विकराची पातळी मूळ पातळीच्या बरोबर २६ व्या भागावर, म्हणजे ४ टक्क्यांच्याही खाली आलेली असेल. पेशी जितक्या पट वाढल्या, तितक्याच पटींनी विकर विरळ झाले. मधल्या वेगांचा, वेळेचा, स्थिरांकांचा येथे काहीच संबंध उरत नाही. आता ग्लुकोज दुप्पट करा : पेशी ५१ पट होतील आणि विकर ५१ व्या भागावर येईल. ग्लुकोजचा टप्पा जितका मोठा, तितका नंतरचा थांबा लांबण्याकडे कल असतो, आणि का, हे एका भागाकारात कळते.

थांबा इतका लांबतो, कारण विकर पुन्हा उभे राहणे हे स्वतःवरच अवलंबून आहे. लॅक्टोज आत आणणारे परमिएज त्याच ओपेरॉनमधून बनते. परमिएज कमी म्हणून लॅक्टोज कमी, लॅक्टोज कमी म्हणून प्रेरक कमी, प्रेरक कमी म्हणून परमिएज कमी. सुरुवात संथ, आणि एकदा गती आली की वेगाने चढ.

वर्गात हे करून दाखवायचे असेल, तर एक्सेलच्या तक्त्यात वेळ, पेशी, ग्लुकोज, लॅक्टोज आणि विकर असे पाच स्तंभ घ्यावेत, वेळेची पायरी तीन मिनिटांची ठेवावी आणि प्रत्येक ओळीत मागच्या ओळीवरून बदल काढून मिळवत जावे. ही ऑयलरची रीत आहे. तीन मिनिटांच्या पायरीला चूक किती येते, हे पायरी निम्मी करून पुन्हा गणित केल्यावर आपोआप दिसेल, आणि तो धडा विद्यार्थ्यांना जीवशास्त्राच्या पलीकडेही उपयोगी पडेल.

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात उत्पादनाचे नियोजन पाहतो. माग आणि कामगार ठरलेले असतात. ज्या मालात आज फायदा जास्त, त्याच्याकडे आम्ही कामगार वळवतो. जीवाणूही असाच हिशेब करतो, असे म्हणावे का? (सोलापूर)

उत्तर : आपण दिलेली तुलना या विषयातील एका संपूर्ण विचारधारेशी जुळते, म्हणून तिचा आधार कुठवर घ्यावा हे सविस्तर लिहितो.

मर्यादित कामगारांचा मुद्दा अगदी खरा आहे. ई. कोलाय पेशीच्या कोरड्या वजनातील निम्म्याहून अधिक भाग प्रथिनांचा असतो, आणि ही प्रथिने बनवणाऱ्या रायबोसोमांची क्षमता मर्यादित असते. एका शर्करेसाठी विकरे बनवली, तर तेवढी क्षमता दुसऱ्या कामातून वजा होते. कोपनहेगनच्या प्रयोगशाळेत १९५८ मध्ये शेश्टर, मालो आणि केल्गार्ड यांनी दाखवले की, पेशी कोणत्या अन्नावर वाढते यापेक्षा ती किती वेगाने वाढते, यावर तिची आतील घडण अवलंबून असते. २०१० मध्ये टेरेन्स ह्वा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच धाग्यावरून प्रथिनांच्या वाटपाचे साधे रेषीय नियम मांडले. विकर बनवण्याची किंमत थेट मोजलीही गेली आहे. इस्रायलमध्ये एरेझ डेकेल आणि उरी अलोन यांनी २००५ मध्ये लॅक्टोज नसतानाही पेशींना लॅक विकरे बनवायला लावली, तेव्हा वाढीचा दर काही टक्क्यांनी घटला. त्यांनी खर्च आणि लाभ यांचे समीकरण मांडून, लॅक्टोजच्या कोणत्या संहतीला विकराची कोणती पातळी सर्वांत फायद्याची ठरेल याचा अंदाज काढला. आणि काहीशे पिढ्या त्या त्या संहतीत वाढवल्यावर जीवाणू त्या अंदाजाच्या जवळ येऊन पोहोचले.

फायदा पाहून वाटप करण्याची आपली कल्पना मात्र सर्वांत स्पष्टपणे मांडली ती डोरायस्वामी रामकृष्ण यांनी. मुंबईच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागातून, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या यूडीसीटीतून, ते रासायनिक अभियंता झाले आणि पुढे अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात त्यांनी दीर्घकाळ काम केले. दिनेश कोम्पला आणि इतर सहकाऱ्यांबरोबर १९८० च्या दशकात त्यांनी जी प्रारूपे मांडली, त्यांना सायबरनेटिक प्रारूपे म्हणतात. त्यांतील नियम असा : प्रत्येक शर्करेपासून मिळणाऱ्या वाढीचा जो वाटा, त्याच वाट्याने पेशी तिच्या विकरनिर्मितीला साधने देते, आणि जी शर्करा सर्वांत जास्त वाढ देते, तिचे विकर पूर्ण क्षमतेने चालते, बाकीची त्या मानाने कमी. क्लेबसिएला ऑक्सिटोका या जीवाणूवर त्यांनी हे तपासले. प्रत्येक शर्करेवर स्वतंत्रपणे वाढवून स्थिरांक काढले, आणि त्यांवरून मिश्रणातील वाढ कशी होईल, हे सांगितले. शर्करांचा क्रम, थांबा, पुन्हा चढ हे सारे बहुतांशी जुळले. जनुकांविषयी एक शब्दही न लिहिता हे साधले, याचे मला आजही मोठे अप्रूप वाटते.

तरीही आपली तुलना मी येथे थांबवतो. आपण महिन्याच्या ऑर्डरी पाहून, पुढचा विचार करून कामगार वळवता. पेशीपुढे असा तक्ता नसतो. 'फायदा पाहून' हे शब्द त्या प्रारूपात आपण घातलेले आहेत. त्याच परिणामाला उद्दिष्टाचा शब्दही न उच्चारता पोहोचता येते, हे अतुल नारंग यांच्या कामातून दिसते. ते पूर्वी रामकृष्ण यांच्याबरोबर काम करत आणि नंतर दिल्लीच्या आयआयटीत होते. त्यांच्या समीकरणांत दोनच गोष्टी ठळक आहेत : प्रत्येक विकर आपल्याच निर्मितीला चालना देते, आणि एकूण वाढ दोन्ही विकरांना सारखीच विरळ करते. दोन प्राणिजाती एकाच अन्नासाठी झगडतात, तेव्हाची लोटका आणि व्होल्टेरा यांची समीकरणे येथे जवळजवळ जशीच्या तशी उमटतात. ज्या शर्करेवर वाढ वेगाने होते, तिच्यामुळे होणारी विरळणी दुसरीच्या विकराला सोसवत नाही आणि ते नामशेष होते. दोन्ही शर्करांवरची वाढ त्या मानाने समतोल असेल, तर दोन्ही विकरे टिकतात आणि दोन्ही शर्करा एकाच वेळी वापरल्या जातात. प्रत्यक्षातही असे घडते. ग्लुकोज आणि पायरुव्हेट यांसारख्या जोड्या ई. कोलाय एकत्र वापरू शकतो. प्रवेशबंदीसारख्या खास यंत्रणा या पायावर आणखी जोर देतात.

माझा कल या दुसऱ्या मांडणीकडे आहे. आलेख जुळणे ही प्रारूपाची पहिली परीक्षा झाली. पण विकराची पातळी प्रत्यक्ष मोजून ती समीकरणाशी जुळते का, हे विचारण्याची सोय जी मांडणी देते, ती अधिक शिकवते.

प्रश्न : दुधात तर लॅक्टोजच असते. मग विरजणातील जीवाणूंना निवड करण्याचा प्रश्नच येत नाही, असे समजावे का? (अक्कलकोट)

उत्तर : ताई, प्रश्न येतो, पण वेगळ्या प्रकारे. दह्याच्या कारखान्यांत वापरला जाणारा स्ट्रेप्टोकोकस थर्मोफिलस हा जीवाणू लॅक्टोज आत घेतो, त्याचे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज असे दोन भाग करतो, ग्लुकोज वापरतो आणि बहुतेक वेळा गॅलॅक्टोज तसेच बाहेर टाकतो. बाहेर जाणाऱ्या गॅलॅक्टोजच्या बदल्यात नवे लॅक्टोज आत येते. म्हणून अशा दह्यात गॅलॅक्टोज साठते. त्याहून विशेष म्हणजे या जीवाणूला सुट्या ग्लुकोजपेक्षा लॅक्टोज अधिक मानवते. सर्वत्र ग्लुकोजच आधी, असा नियम नाही. मातीतील स्यूडोमोनास जीवाणू ग्लुकोज सोडून आधी सक्सिनेटसारखी सेंद्रिय आम्ले वापरतात, आणि हरभरा-तुरीच्या मुळांवरील गाठींत राहणाऱ्या रायझोबियमला झाड जे अन्न पुरवते, तेही शर्करेपेक्षा याच आम्लांच्या रूपात असते.

प्रश्न : साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत रसायनतज्ज्ञ आहे. मळीऐवजी बगॅसपासून, म्हणजे उसाच्या चिपाडापासून, इथेनॉल काढण्याची चर्चा नेहमी होते. तेथे ग्लुकोज आणि झायलोज यांच्या मिश्रणात ग्लुकोज आधी संपते आणि झायलोज मागे राहते. या प्रारूपांतून कामाचे काही हाती लागते का? (माढा तालुका)

उत्तर : लागते, आणि आपल्या जिल्ह्यात बगॅसचे जे ढीग उभे असतात ते पाहता हा प्रश्न येथे विचारला जाणे रास्तच आहे.

प्रथम मळीचा फरक लक्षात घ्यावा. मळीतील सुक्रोज यीस्टच्या इन्व्हर्टेज विकराने पेशीच्या बाहेरच्या बाजूलाच फुटते आणि ग्लुकोज व फ्रुक्टोज मिळतात. यीस्ट दोन्ही वापरतो. फक्त ग्लुकोज अधिक वेगाने उचलतो, म्हणून शेवटी रेंगाळते ते फ्रुक्टोज. बगॅसमध्ये मात्र सेल्युलोजपासून ग्लुकोज आणि हेमिसेल्युलोजपासून मुख्यतः झायलोज येते, आणि नेहमीचा यीस्ट झायलोज आंबवतच नाही. हे दोन्ही आंबवू शकेल असा ई. कोलाय फ्लोरिडा विद्यापीठात लॉनी इन्ग्रॅम यांच्या गटाने झायमोमोनास मोबिलिसची जनुके घालून तयार केला. त्यालाच १९९१ मध्ये अमेरिकेचे पन्नास लाखावे पेटंट मिळाले. पण ई. कोलायबरोबर त्याची ग्लुकोज-आधीची सवयही आली.

समीकरणे येथे दोन वाटा दाखवतात. पहिली जनुकांची : ग्लुकोजच्या वाहतूक यंत्रणेतील मुख्य जनुक काढून टाकले, की प्रवेशबंदी सैल होते आणि दोन्ही शर्करा एकत्र वापरल्या जाऊ लागतात, मात्र ग्लुकोजचा वेग घटतो, आणि ही घट टाकीच्या एकूण वेळेत परवडते का, हे आकडे घालून पाहावे लागते. दुसरी वाट चालवण्याच्या पद्धतीची आहे. ग्लुकोज सतत अगदी कमी ठेवले, तर वाढ मंद होते. वाढ मंद झाली की विरळणी मंद होते, आणि झायलोजची विकरे टिकून राहू शकतात. स्वित्झर्लंडमध्ये थॉमस एग्ली यांच्या गटाने १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, सतत प्रवाही संवर्धनात, म्हणजे ताजे माध्यम सतत आत आणि तितकाच द्रव बाहेर जाणाऱ्या टाकीत, ई. कोलायने सहा शर्करांचे मिश्रण एकाच वेळी वापरले, प्रत्येकीची टाकीतील संहती अत्यल्प असताना. बंद टाकीत ज्या शर्करा एकामागून एक जातात, त्याच येथे एकत्र गेल्या.

यातून आपल्या टाकीसाठी थेट कृती मिळत नाही. बगॅसवर आम्लाची प्रक्रिया करताना फुरफ्युरलसारखी जी घातक द्रव्ये तयार होतात, ती वरच्या तीन विधानांत कुठेच नाहीत, आणि इथेनॉल साठत गेल्यावर वाढीचा दर घटतो, तेही नाही. ही दोन पदे आपल्याच टाकीतील मोजमापांवरून जोडल्याशिवाय प्रारूपाच्या उत्तरावर पैसा लावू नये.

प्रश्न : डाळिंबाला जीवामृत देतो. त्यात गूळ, बेसन, शेण, गोमूत्र असते. त्यातील जीवाणू आधी काय खातात, हे तुमच्या गणिताने सांगता येईल का? (सांगोला)

उत्तर : मोजक्याच मर्यादेत सांगता येईल. गुळातील शर्करा पाण्यात लगेच विरघळते आणि तिला फोडण्याचे कष्ट नसतात, म्हणून ती सर्वांत आधी खर्च होईल. बेसनातील स्टार्च आणि प्रथिने आधी पेशीबाहेर विकरे सोडून फोडावी लागतात, म्हणून ती मागून जातील. शेणातील तंतुमय भाग काही दिवसांत फारसा हलणार नाही. परंतु पिंपात एकच जीवाणू नाही, असंख्य जाती आहेत. तेथे एका पेशीने अन्न बदलण्याऐवजी, पहिल्या अन्नावर वाढणारी जात मागे पडून दुसरी जात पुढे येणे हेच अधिक घडते. त्यासाठी रॉबर्ट मॅकआर्थर यांनी मांडलेली, जाती आणि त्यांची अन्ने यांची वेगळी समीकरणे आहेत. एका जीवाणूच्या प्रारूपावरून जीवामृत किती दिवस मुरवावे असा सल्ला देणे योग्य होणार नाही, आणि तो मी देत नाही.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात विद्यार्थ्यांनी ग्लुकोज-लॅक्टोजचा प्रयोग केला. एका गटाला मधला थांबा २० मिनिटांचा मिळाला, दुसऱ्याला दोन तासांचा. जीवाणू तोच, माध्यम तेच. कोणाचे चुकले? (पंढरपूर)

उत्तर : कोणाचेच चुकले नसण्याची शक्यता मोठी आहे, आणि दोन्ही वह्या जपून ठेवाव्यात अशी विनंती आहे.

पहिले कारण बार्शीच्या सरांना दिलेल्या उत्तरात आले आहे. आदल्या रात्रीचे बियाणे कशावर वाढवले होते आणि ग्लुकोजवर ते किती पट वाढले, यावर उरलेले विकर अवलंबून असते. एका गटाने लॅक्टोजवरचे आणि भरपूर बियाणे घातले असेल, दुसऱ्याने ग्लुकोजवरचे आणि थोडे, तर एवढा फरक सहज पडेल.

दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. द्रव किती गढूळ झाला हे मोजणारा कलरीमीटर साऱ्या पेशींची मिळून एकच संख्या देतो, पण सर्व पेशी एकसारख्या वागतात असे नाही. ॲरन नोविक आणि मिल्टन वायनर यांनी १९५७ मध्येच दाखवले की, प्रेरकाच्या मध्यम पातळीला काही पेशींत लॅक विकरे पूर्ण चालू असतात आणि काहींत पूर्ण बंद. अर्धवट चालू अशा पेशी नसतात. आता समजा, ग्लुकोज संपल्यावर फक्त काही टक्के पेशी लॅक्टोजवर लगेच वाढू लागल्या आणि बाकीच्या तशाच बसून राहिल्या. वाढणाऱ्यांचा अंश ज्ञात असेल, तर दिसणारा थांबा म्हणजे त्या अंशाच्या व्यस्ताचा नैसर्गिक लॉग भागिले वाढीचा दर. लॅक्टोजवरचा दर तासाला ०.६ धरला, तर ३० टक्के पेशी वळल्यास थांबा जवळजवळ बरोबर दोन तासांचा येतो, आणि ८२ टक्के वळल्यास २० मिनिटांचा. आपल्या दोन्ही गटांचे आकडे, एकही पेशी प्रत्यक्षात थांबून विचार करत नसताना, असेही मिळू शकतात. ग्लुकोजवरून दुसऱ्या अन्नावर जाताना ई. कोलायची काहीच टक्के लोकसंख्या वाढू लागते, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खरोखरच आढळले. मात्र तेथील दुसरे अन्न लॅक्टोज नव्हते, सेंद्रिय आम्ले होती.

या दोन शक्यता वेगळ्या कशा ओळखाव्यात? सर्व पेशी एकदम थांबल्या असतील, तर त्या काळात वाचन सपाट राहील. ३० टक्के पेशी पहिल्या क्षणापासून वाढत असतील, तर पहिल्या अर्ध्या तासातच एकूण वाचन सुमारे १० टक्क्यांनी वर सरकेल. दर अर्ध्या तासाने वाचन घेणाऱ्या विद्यार्थ्याला हा फरक सापडणार नाही. ग्लुकोज संपत आल्याचे दिसताच दर पाच मिनिटांनी वाचन घ्यावे. सर्व पेशी हळूहळू विकर जमवत असतील तरीही थोडा चढ दिसेल, हे ध्यानात ठेवून निष्कर्ष जपून काढावा. निर्णायक उत्तरासाठी एकेक पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते.

पुढच्या वेळी काही गोष्टी पाळाव्यात. बियाणे दोन बाटल्यांत, एक ग्लुकोजवर आणि एक लॅक्टोजवर, वेगळे वाढवावे आणि दोन्हींपासून सुरू केलेले आलेख शेजारी ठेवावेत. वाचन ०.४ च्या वर गेले की नमुना पातळ करून मोजावा, नाहीतर वाढ मंदावल्याचा खोटा भास होतो. वाचने अर्धलॉग कागदावर मांडावीत, म्हणजे दोन्ही टप्प्यांचे दर सरळ रेषांच्या उतारांवरून काढता येतील. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत प्रयोगशाळेतील हवाच चाळीस अंशांपुढे जाते, म्हणून बाटली वाचनासाठी बाहेर काढून टेबलावर ठेवून देऊ नये. ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमधून दर वेळी फक्त नमुना घ्यावा आणि प्रत्येक वाचनासमोर वेळेबरोबर तापमानही लिहावे.